रक्तात साखर आहे, मग मेंदूपर्यंत का पोचत नाही?

पत्र (थोडं लहान केलंय):

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. आठ महिन्यांचा असल्यापासून त्याला फिट्स येतात. सकाळी उठल्या उठल्या जास्त, आणि काही खाल्लं की तासाभरात पोरगं एकदम वेगळंच दिसतं. बोलायला उशीर झाला, चालताना तोल जातो. दोन औषधं झाली, फारसा फरक नाही. आता नवीन न्यूरोलॉजिस्टनी पाठीतलं पाणी काढून तपासलं. रक्तातली साखर ८६ आणि पाठीच्या पाण्यातली ३१ निघाली. मग जीन टेस्ट केली आणि 'ग्लूट १ डेफिशियन्सी' असं निदान झालं. उपचार काय, तर कीटो डाएट. साखर बंद, धान्य जवळजवळ बंद, सगळं फॅटवर. सासूबाई म्हणतात मेंदूला साखर कमी पडतेय आणि हे साखरच बंद करायला सांगतायत, हा कुठला न्याय? नवरा म्हणतो मग इन्सुलिन का देत नाहीत. मलाच नीट कळलेलं नाही तर मी कोणाला काय समजावू? आणि हे आमच्या दोघांपैकी कोणाकडून आलं? – एक आई

उत्तर:

ताई, आधी हे सांगते की मी बायोकेमिस्ट्री शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस, औषध, किती ग्रॅम काय द्यायचं हे सगळं तुमच्या न्यूरोलॉजिस्टचं आणि डाएटिशियनचं काम. पण तुमचा मूळ प्रश्न 'हे असं कसं' हा आहे आणि तो माझ्या प्रांतातला आहे. आणि हो, सासूबाईंचा प्रश्न अजिबात अडाणीपणाचा नाहीये, चांगला प्रश्न आहे, तो प्रत्येक घरात कोणीतरी विचारतंच आणि बऱ्याचदा त्याला नीट उत्तर न देता गप्प केलं जातं.

तर बघा. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण आराम करत असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्यातली २० टक्के एकटा मेंदू खातो. हे झालं मोठ्या माणसाचं. तुमच्या मुलाच्या वयात तर याच्या कितीतरी पुढचा मामला असतो. १९८७ साली हॅरी चुगानी आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅनवर (मेंदू किती साखर वापरतो हे दाखवणारा स्कॅन) मुलांचे मेंदू बघितले तेव्हा दिसलं की चार वर्षांच्या आसपास मेंदूचा साखर वापरण्याचा वेग मोठ्यांच्या जवळपास दुप्पट होतो आणि नऊ-दहा वर्षांपर्यंत तसाच चढा राहतो. म्हणजे तुमचं पोरगं आत्ता नेमकं अशा वयात आहे की जिथे मागणी सगळ्यात जास्त. आणि मेंदूकडे साठा म्हणावा असा जवळजवळ नाहीच, थोडंसं ग्लायकोजेन असतं तेवढंच. जे काय लागेल ते रक्तातून सतत यायला हवं.

आता अडचण अशी की रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये भिंत आहे. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधल्या फटीतून काही झिरपत नाही. बाकी शरीरात झिरपतं, इथे नाही. आणि पेशीचं आवरण असतं फॅटचं, साखर असते पाण्यात विरघळणारी, त्यामुळे साखर त्या आवरणातून आपणहून आरपार जाऊ शकत नाही. तिला दार लागतं. हे दार म्हणजे एक प्रोटीन, त्याचंच नाव ग्लूट १. ते आवरणात बारा वेळा आतबाहेर विणलेलं असतं, ४९२ अमिनो ॲसिडची एक साखळी. त्याची करामत अशी की ते दोन्हीकडून एकाच वेळी कधीच उघडं नसतं. रक्ताच्या बाजूने उघडतं, ग्लुकोजचा एक रेणू आत बसतो, मग प्रोटीन आपला आकार बदलतं, रक्ताची बाजू बंद होते, दुसरी बाजू उघडते, साखर पलीकडे. परत पहिल्यासारखं. एका सेकंदात असं शेकडो वेळा. २०१४ साली चीनमधल्या निएंग यान यांच्या टीमने या प्रोटीनचा आकार अणूंच्या पातळीवर दाखवला तेव्हा हे सगळं पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

इथे एक मुद्दा नीट लक्षात घ्या कारण पुढचं सगळं त्यावर आहे: हे दार साखर ढकलत नाही, ओढतही नाही. त्याला स्वतःची ऊर्जा नाही. जिकडे साखर जास्त तिकडून जिकडे कमी तिकडे ती आपली जाते, दार फक्त वाट देतं. त्यामुळे आत किती साखर पोचणार हे दोनच गोष्टींवर ठरतं, रक्तात किती आहे आणि दारं किती आहेत.

तुमच्या मुलाच्या बाबतीत दारं कमी आहेत, प्रश्न तेवढाच आहे. या प्रोटीनच्या जीनच्या आपल्याकडे दोन कॉप्या असतात, त्यातली एक बिघडली की दारं साधारण निम्म्यावर येतात. रक्तात ८६, म्हणजे अगदी व्यवस्थित, कुठल्याही लॅबमध्ये नॉर्मलच म्हणतील. पण पाठीच्या पाण्यात ३१. हे पाणी मेंदूभोवतीचंच असतं, पाठीतून काढतात कारण तिथून काढणं सोपं. साधारणपणे त्यात रक्ताच्या ६० टक्क्यांच्या आसपास साखर सापडते, तुमच्याकडे निघाली ३६ टक्के. इन्फेक्शन वगैरे काही नसताना हा आकडा एवढा खाली दिसला की अनुभवी डॉक्टरच्या डोक्यात पहिलं हेच नाव येतं. तुमच्या नवीन डॉक्टरना ही तपासणी सुचली याबद्दल त्यांना मनापासून शंभर मार्क, कारण नुसती रक्ताची साखर बघत बसलं तर हा आजार वर्षानुवर्षं सापडत नाही आणि मूल एका औषधावरून दुसऱ्या औषधावर फिरत राहतं. १९९१ मध्ये न्यूयॉर्कचे डॅरिल डी व्हिवो यांनी अशाच दोन मुलांबद्दल पहिल्यांदा लिहिलं, फिट्स येतायत, रक्तातली साखर ठीक, पाठीच्या पाण्यातली सतत कमी. त्याआधी अशा मुलांना काय नाव द्यायचं हेच कोणाला माहीत नव्हतं.

आता सासूबाईंचा प्रश्न. खाल्ल्यावर पोर सुधारतं हे तुमचं निरीक्षण शंभर टक्के खरंय. जेवणानंतर रक्तातली साखर वर जाते, बाहेर गर्दी वाढली की त्याच निम्म्या दारांमधून थोडी जास्त साखर आत जाते, तासभर मेंदूला बरं वाटतं. सकाळी रात्रभराच्या उपासानंतर रक्तातली साखर नॉर्मलच्या खालच्या टोकाला असते. तुमच्या-माझ्या मेंदूला त्याचा पत्ताही लागत नाही कारण आपल्याकडे दारं भरपूर आहेत, पण हे मूल आधीच काठावर उभं आहे, म्हणून फिट्स सकाळी. सगळ्या मुलांमध्ये हा पॅटर्न एवढा स्वच्छ दिसत नाही, तुमच्याकडे दिसला आणि तुम्ही तो डॉक्टरना सांगितलात हे फार चांगलं झालं.

मग साखर देतच राहू की, असं त्या म्हणतील. घोटाळा इथे आहे. साखर दिली की शरीर इन्सुलिन सोडतं आणि दोन तासात रक्तातली साखर परत खाली आणतं, ते थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. वर दार एका मर्यादेपलीकडे वेग घेऊ शकत नाही, बाहेर कितीही गर्दी केली तरी एका वेळी एकच रेणू. म्हणजे दिवसभर साखर चारली तरी मिळणार काय, तर मधूनमधून तासभर आराम आणि रात्री परत तेच. वाढत्या मेंदूला असा हप्त्याहप्त्याने मिळणारा पुरवठा चालत नाही.

मिस्टरांना सांगा, इन्सुलिनचा इथे उपयोग नाही, उलट धोका आहे. स्नायू आणि चरबीच्या पेशींमध्ये ग्लूट ४ नावाचं वेगळं दार असतं, ते एरवी पेशीच्या आत गुंडाळून ठेवलेलं असतं आणि इन्सुलिनचा निरोप आला की पृष्ठभागावर येतं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरचं ग्लूट १ इन्सुलिनची वाट बघत नाही, ते कायम जागेवरच असतं. त्यामुळे इन्सुलिन दिलं तर साखर स्नायूंकडे जाईल, रक्तातली कमी होईल आणि मेंदूची परिस्थिती आणखी बिकट. हा डायबेटिस नाही, त्याच्याशी याचा काही संबंध नाही.

आता कीटो का, हे सांगते. मला स्वतःला हा भाग फार आवडतो.

मेंदूच्या त्याच भिंतीत दुसऱ्या जातीचीही दारं आहेत. त्यांचं नाव एमसीटी १. ती ग्लुकोजला वाट देत नाहीत, ती देतात लॅक्टेटला (साखर अर्धवट तुटली की बनणारा पदार्थ) आणि किटोनना (फॅटपासून बनणारं इंधन). आणि ती बनतात संपूर्णपणे वेगळ्या जीनवरून, तुमच्या मुलाचा जो जीन बिघडलाय त्याच्याशी यांचं देणंघेणं नाही, म्हणजे ही दारं त्याच्याकडे ठणठणीत आहेत. फक्त एरवी रक्तात किटोन नसतातच म्हणण्याइतके कमी असतात त्यामुळे तिथून फार काही जात नाही. किटोन कधी बनतात? खाण्यात साखर-पिष्ट खूप कमी झालं, इन्सुलिन खाली राहिलं, की लिव्हर फॅट जाळायला घेतं आणि त्यातून किटोन बनवून रक्तात सोडतं. गंमत म्हणजे लिव्हर स्वतः ते वापरू शकत नाही, त्याच्याकडे त्यासाठीचं एन्झाइमच नसतं, ते फक्त दुसऱ्यांसाठी बनवतं. फॅट सरळच मेंदूत का जात नाही असं विचाराल तर फॅटी ॲसिड इंधन म्हणून मेंदू जवळजवळ वापरत नाही, म्हणून हा लिव्हरमार्गे वळसा.

मेंदू किटोनवर चालतो का? चालतो. १९६७ मध्ये अमेरिकेत ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे उपास केलेल्या लठ्ठ माणसांच्या मेंदूत जाणारं आणि मेंदूतून परत येणारं रक्त तपासलं, तर मेंदूच्या इंधनातला मोठा हिस्सा किटोनचा निघाला. तोपर्यंत समज होता की मेंदू फक्त साखरच खातो, शाळेत आपण सगळे तेच शिकलो आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी तेच शिकवतात. आणि लहान मुलांचा मेंदू तर मोठ्यांपेक्षा किटोन जास्त सहज घेतो.

एकदा आत पोचल्यावर काय होतं तेही थोडक्यात सांगते, कारण नुसतं 'आत गेलं' म्हणून समाधान होत नाही. साखर असती तर ती मेंदूच्या द्रवातून न्यूरॉनमध्ये, म्हणजे मेंदूच्या सिग्नल देणाऱ्या पेशीत, ग्लूट ३ या आणखी एका दारातून गेली असती, हे ग्लूट १ पेक्षा चपळ असतं आणि कमी साखरेतही काम भागवतं, आणि तुमच्या मुलाचं ग्लूट ३ शाबूत आहे, पण भिंतीपाशीच माल अडला तर पुढचं दार कितीही चांगलं असून काय करणार! तर आत गेलेल्या साखरेचं तुटून पायरुव्हेट होतं, ते मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या वीजघरात) न्यायला पुन्हा वेगळं वाहक प्रोटीन लागतं (ते नेमकं कुठलं हे २०१२ पर्यंत कळलं नव्हतं, एवढी मूलभूत गोष्ट असून), आणि तिथे एटीपी, म्हणजे पेशी ज्यावर चालते ते ऊर्जेचं चलन, तयार होतं. किटोन हा सगळा आधीचा रस्ता टाळून एमसीटी दारांनीच न्यूरॉनमध्ये आणि मग मायटोकॉन्ड्रियात पोचतात आणि एकदम पुढच्या टप्प्याला लागतात. मग तयार एटीपी मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेर काढायलाही एक वाहक आहेच, एक एटीपी बाहेर, एक वापरलेलं एडीपी आत. या एटीपीतला सगळ्यात मोठा वाटा एका पंपावर खर्च होतो, तो प्रत्येक फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. न्यूरॉनने एकदा सिग्नल दिला की परत शांत व्हायला हा पंप लागतो. इंधन कमी पडलं की पेशींना नीट शांत होता येत नाही, आणि फिट म्हणजे शेवटी पुष्कळ पेशी एकदम बेलगाम पेटणं. नेमकी साखळी याहून गुंतागुंतीची आहे पण दिशा ही.

लॅक्टेटबद्दल कुठेतरी वाचाल की मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या मदतनीस पेशी साखरेचं लॅक्टेट करून न्यूरॉनला भरवतात. १९९४ मध्ये पेलेरिन आणि माजिस्ट्रेट्टी यांनी ही कल्पना मांडली, त्यावर अजून शास्त्रज्ञांची भांडणं चालू आहेत. तुम्ही त्यात पडू नका, तुमच्या निर्णयावर त्याचा काही परिणाम नाही.

आता व्यवहाराचं बोलू.

हा कीटो म्हणजे वजन कमी करायला लोक करतात तो नव्हे. इंटरनेटवरून उचलून घरी सुरू करायचा नाही म्हणजे नाही. फिट्ससाठी ही पद्धत १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवली, म्हणजे शंभर वर्षं होऊन गेली, हे घरच्यांना सांगा, त्यांना वाटतंय हे कालचं फॅड आहे. कडक प्रकारात दर १ ग्रॅम प्रोटीन-पिष्टामागे ३ किंवा ४ ग्रॅम फॅट असतं, प्रत्येक गोष्ट वजनकाट्यावर मोजून. सुरू करण्याआधी काही तपासण्या लागतात, कारण काही मुलांना जन्मतःच फॅट जाळता येत नाही आणि त्यांना हा डाएट जीवघेणा ठरू शकतो, त्या झाल्यात का हे विचारा. व्हिटॅमिन, कॅल्शियम वेगळं द्यावं लागतं, किडनी स्टोन आणि कोलेस्टेरॉलवर लक्ष ठेवतात, वाढ बघतात. सुरुवातीला उलट्या, बद्धकोष्ठता, सुस्ती हे बऱ्याच जणांना होतं. सोपं नाहीये, उगाच गोड बोलणार नाही.

'एक चमचा साखरेनं काय होतंय' हे वाक्य घरात येणारच, तयारी ठेवा. त्या चमच्याने इन्सुलिन वर जातं, लिव्हर किटोन बनवणं थांबवतं, आणि नवीन दाराला पुरवठा बंद. जुनं दार तर निम्मंच होतं. म्हणजे पोर दोन्हीकडून उपाशी. सासूबाईंना नेमकं एवढंच सांगा, बाकी प्रोटीनची नावं नाही सांगितलीत तरी चालेल. शिवाय त्यांना कामाला लावा, लघवीत किटोन तपासायची पट्टी मिळते, ती बुडवायची आणि डबीवरच्या रंगाशी ताडायची, जेवढे किटोन जास्त तेवढी ती गडद जांभळी होते. ज्या दिवशी कोणी लपून काही गोड दिलं त्या दिवशी पट्टी बोलते! भांडण करण्यापेक्षा वहीत रंग आणि शेजारी त्या दिवशीच्या फिट्स लिहून ठेवा, महिन्याभरात घरातलेच लोक पट्टीची वाट बघायला लागतील असा माझा अंदाज आहे.

लपलेली साखर सगळ्यात जास्त औषधांत असते. तापाचं सिरप, खोकल्याचं सिरप, चघळायच्या गोळ्या. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी सांगा की मूल कीटोवर आहे, साखर नसलेलं औषध द्या. आणि ॲडमिट करायची वेळ आली तर सवयीने ग्लुकोजचं सलाईन लावलं जातं, ते टाळायचं की नाही हा निर्णय तुमच्या न्यूरोलॉजिस्टला फोन करून व्हायला हवा. म्हणून त्यांच्याकडून लेटरहेडवर एक चिठ्ठी आत्ताच लिहून घ्या, एक पर्समध्ये, एक शाळेच्या दप्तरात, एक नवऱ्याच्या फोनमध्ये फोटो काढून.

दुसरं, कॅफीन या दाराला अडथळा करतं, त्यामुळे चहा, कॉफी, कोला मुलाला नको, मोठं झाल्यावरही नको. फिट्सच्या काही जुन्या औषधांबद्दलही असंच आहे, फेनोबार्बिटोन हे दार आणखी मंद करतं, व्हॅल्प्रोएट या आजारात आणि कीटोबरोबर शक्यतो टाळतात. तुमची सध्याची दोन औषधं कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्यातलं एखादं हे असेल तर डॉक्टरना विचारा, पण स्वतःहून एक गोळीही बंद करू नका, अचानक बंद केल्याने मोठी फिट येऊ शकते.

कोणाकडून आलं, हा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात पण मला वाटतं तोच सगळ्यात जास्त सलतोय. बहुतेक मुलांमध्ये हा बदल नवाच झालेला असतो, आईवडील दोघांमध्येही नसतो. गरोदरपणात तुम्ही काय खाल्लं, काय केलं, याने हे होत नाही. क्वचित आई किंवा वडिलांपैकी एकाला सौम्य स्वरूपात असतो आणि माहीतच नसतं, म्हणून दोघांचीही टेस्ट करून घ्या, विशेषतः दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर. दोघांची एकाच दिवशी द्या म्हणजे घरात त्यावरून राजकारण नको. मुलगा मोठा होऊन त्याला मुलं झाली तर प्रत्येक मुलात हे जायची शक्यता निम्मी, ते तेव्हा बघता येईल.

अपेक्षा किती ठेवायची? बऱ्याच मुलांच्या फिट्स किटोन चढल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत थांबतात किंवा खूप कमी होतात, काहींचं फिट्सचं औषध नंतर डॉक्टर कमी करू शकतात. तोल, बोलणं, शिकणं हे हळू सुधारतं आणि सगळं भरून येईल असं मी सांगणार नाही. डाएट सहसा किमान मोठं होईपर्यंत, म्हणजे किशोरवय पार होईपर्यंत चालवतात, कारण मेंदूची मोठी मागणी तोवर असते. मूल मोठं होऊन कडक प्रकार झेपेना झाला तर थोडा सैल प्रकारही असतो, मॉडिफाइड ॲटकिन्स म्हणतात, तो नंतर विचारता येईल. लवकर सुरू केलं तर फायदा जास्त हे मात्र बऱ्यापैकी पक्कं आहे, त्यामुळे घरात सगळ्यांना पटेपर्यंत थांबायचं असं करू नका. पुढच्या व्हिजिटला नवऱ्याला आणि जमलं तर सासूबाईंनाही बरोबर न्या, आणि चार गोष्टी विचारून या: फॅट जाळता येतं का याच्या तपासण्या झाल्या का, डाएट ॲडमिट करून सुरू करणार की घरी, तापाच्या आणि उलट्यांच्या दिवशी काय करायचं, आणि रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा.